गच्चीवरची देवयानी: इंदूरच्या उजेडात काढलेल्या दीर्घिकेच्या फोटोवर काम कसं करायचं

सुदामा नगरातल्या गच्चीवरून एक मिनिट शटर उघडं ठेवलं की कॅमेऱ्याच्या पडद्यावर जे उमटतं ते बघून नवा माणूस हमखास हिरमुसतो. आकाश दुधाळ चहाच्या रंगाचं, राजवाड्याच्या बाजूला जास्त उजळ, चारी कोपरे काळवंडलेले, आणि मधोमध काचेवर बोट टेकवून उचलावं तसा एक पुसट डाग. तो डाग म्हणजे देवयानी दीर्घिका, एम-३१, सुमारे २५ लाख प्रकाशवर्षं लांब. फोटो फसलेला नाही. शहरातून काढलेला कच्चा फोटो असाच दिसतो, माझा आजही असाच येतो.

यानंतर बहुतेक जण ब्राइटनेस वाढवतात, कॉन्ट्रास्ट ताणतात, आणि त्या डागाबरोबर चहाही उकळून वर येतो. मीही पहिलं वर्षभर हेच केलं. उजळवणं हे काम जवळजवळ शेवटचं आहे. त्याआधी कुठला उजेड कुठून आला ते ओळखून, ज्याचा त्याला परत द्यायचा असतो. ती वाट एकेका पायरीने सांगतो. उदाहरण देवयानीचंच घेतलंय, कारण पहिल्या फोटोला तिच्याइतकी सोयीची दीर्घिका दुसरी नाही. आकाशात तिची लांबी सुमारे ३ अंश, म्हणजे पौर्णिमेचे सहा चंद्र शेजारी शेजारी ठेवल्याइतकी. साध्या २०० मिमी लेन्समध्ये ती छान बसते. तीच लेन्स एम-५१ या खूप लहान दिसणाऱ्या दीर्घिकेवर लावलीत तर हाती वाटाणा येईल.

आधी थोडा हिशोब

शहराच्या उजेडाचे दोन त्रास आहेत आणि ते वेगवेगळे आहेत. पहिला म्हणजे त्याने आकाशाची पातळीच वर चढते. दुसरा म्हणजे तो प्रकाश सारखा पडत नाही, पावसाच्या थेंबांसारखा इथे दोन जास्त, तिथे दोन कमी असा पडतो. पातळी वजा करता येते. ही थरथर, म्हणजे नॉईज, वजा करता येत नाही.

समजण्यापुरते आकडे घेऊ. एका फोटोत एका पिक्सेलवर आकाशाचा उजेड १००० एकक पडला आणि देवयानीच्या पुसट भुजेचा फक्त २०. थरथर साधारण बेरजेच्या वर्गमुळाइतकी, म्हणजे १०२० चं वर्गमूळ, सुमारे ३२. वीसचा सिग्नल बत्तीसच्या थरथरीत बुडाला. आता असे १०० फोटो एकावर एक रचले तर सिग्नल २०००, थरथर सुमारे ३१९. भुजा आता थरथरीच्या सहापट झाली. तोच कॅमेरा अशा अंधाऱ्या जागी नेला जिथे आकाश १००० ऐवजी ५० च एकक देतं, तर तेवढाच परिणाम ७ फोटोंत मिळतो.

म्हणून माझं पहिलं मत, जे कुणाला आवडत नाही: प्रोसेसिंग शिकण्याआधी फोटोंची संख्या वाढवा. वीस फोटोंचा स्टॅक, म्हणजे रचलेली चळत, कुठलंही महागडं सॉफ्टवेअर वाचवणार नाही. गच्चीवरून निदान दोन तास, जमल्यास दोन-तीन रात्री मिळून सहा तास.

गाळणीने, म्हणजे फिल्टरने, काम भागेल का, असं प्रत्येक जण विचारतो. गल्लीत सोडियमचे पिवळे दिवे होते तेव्हा थोडं भागायचं, कारण त्यांचा प्रकाश वर्णपटाच्या एका अरुंद पट्ट्यात साठलेला असे. पांढऱ्या एलईडीचा प्रकाश वर्णपटभर पसरलेला आहे आणि दीर्घिकेचाही तसाच, कारण तो शेवटी ताऱ्यांचाच प्रकाश. एक अडवाल तर दुसराही अडेल. तेजोमेघांसाठी लोक जे ड्युअल-बँड, म्हणजे रंगांचे दोनच अरुंद पट्टे आत सोडणारे, फिल्टर वापरतात ते देवयानीवर लावून पैसे वाया घालवू नका.

गच्चीवर

इंदूरचा अक्षांश सुमारे २२.७ अंश, देवयानीची क्रांती, म्हणजे आकाशातला अक्षांश, ४१.३. त्यामुळे मध्यमंडलावर, म्हणजे डोक्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेवर, येते तेव्हा ती उत्तरेला ७१ अंश उंचीवर असते, जवळजवळ डोक्यावर. ऑक्टोबरच्या सुरुवातीला हे मध्यरात्रीच्या सुमारास घडतं, नोव्हेंबरच्या मध्यात रात्री पावणेदहाच्या आसपास, डिसेंबर लागताना साडेआठला. शर्मिष्ठा तारकासमूहाच्या एम आकारातला जास्त टोकदार कोन बाणासारखा धरला की तो साधारण तिच्याकडेच बोट दाखवतं.

मी शहराच्या पश्चिमेला राहतो, म्हणून शहराचा उजेड माझ्या पूर्वेला. देवयानी ईशान्येकडून चढते तेव्हा त्या उजेडातून येते, उतरते तेव्हा वायव्येला जाते. मी ती माथ्यावरून ढळल्यावरच कॅमेरा सुरू करतो. तुम्ही शहराच्या ईशान्येला, विजयनगरला असाल तर उलटा विचार करा. राऊ-महूच्या बाजूला असाल तर शहर तुमच्या उत्तर-ईशान्येला पडतं, तेव्हा ती उंच असतानाचेच तास धरा. अमावस्येच्या अलीकडचे-पलीकडचे पाच-सहा दिवस ठेवा, दिवाळीच्या धुराचा आठवडा सोडा. देवउठनी एकादशीनंतर मॅरेज गार्डनवाल्यांचा हंगाम सुरू होतो. डीजे दहाला थांबतो, आकाशात फिरणारे ते शार्पी दिवे कधीकधी त्यानंतरही चालू राहतात. त्यांचा झोत आलेले फोटो नंतर बिनदिक्कत काढून टाका.

समोरच्या काकूंच्या गच्चीवर रात्रभर दिवा असतो. एकदा धीर करून म्हणालो, "काकू, दोन तास दिवा बंद ठेवाल का? फोटो काढायचेत." त्या म्हणाल्या, "ठेवते की. पण अरे, अंधारात तुला दिसणार कसं?"

माझं सामान: जुना कॅनन ७००डी, २०० मिमीची लेन्स, छोटा स्टार ट्रॅकर, म्हणजे ताऱ्यांच्या चालीने कॅमेरा फिरवणारं यंत्र. सेटिंग एफ-४, आयएसओ ८००, एक फोटो ६० सेकंदांचा, रॉ मध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाईलमध्ये. हिस्टोग्रामचा, म्हणजे उजेडाच्या आलेखाचा, डोंगर डावीकडून पाव ते एक-तृतीयांश अंतरावर आला की बस. शहरात पाच-पाच मिनिटांचे फोटो काढण्यात अर्थ नाही. आकाशाचा नॉईजच इतका असतो की कॅमेऱ्याचा स्वतःचा नॉईज मिनिटाभरात त्यात झाकून जातो. स्वस्त ट्रॅकरवाल्यांसाठी ही शहराने दिलेली एकमेव सवलत. ट्रॅकर नसेल तर ५० मिमी लेन्स, तीन-चार सेकंदांचे शेकडो फोटो. देवयानी लहान येईल पण येईल. दर दहा-बारा फोटोंनी कॅमेरा किंचित, अगदी थोड्या पिक्सेलांनी, सरकवा. याला डिदरिंग म्हणतात. ते केलं नाही तर स्टॅकमध्ये तिरप्या रेघांची पावसाची सर दिसते आणि ती पुढे कशानेही जात नाही.

फ्लॅट: ज्याला सगळे टाळतात

मुख्य फोटोंना लाइट म्हणतात. त्यांच्या जोडीला तीन प्रकारचे फोटो लागतात. डार्क (सेन्सरने स्वतःच तयार केलेला खोटा उजेड मोजायला): झाकण लावून, तोच आयएसओ, तेवढेच सेकंद, तीच थंडी, २०-३० फोटो. मी शेवटी झाकण लावून कॅमेरा गच्चीवरच ठेवतो आणि खाली जाऊन चहा पितो. बायस (सेन्सरची मूळ शून्यपातळी मोजायला): झाकण लावून, सगळ्यात वेगवान शटर, ५० फोटो, दोन मिनिटांचं काम. आणि फ्लॅट.

इथे जरा थांबतो, कारण शहरातल्या फोटोत सगळ्यात जास्त घोळ याच जागी होतो.

लेन्स कडेला कमी प्रकाश देते, सेन्सरवरच्या धुळीच्या कणाची गोल सावली पडते. ही वाढ-घट गुणाकारात होते: कोपऱ्यात येणाऱ्या प्रत्येक प्रकाशाचे, समजा, सत्तर टक्केच पोचतात. शहराचा उजेड मात्र बेरजेत येतो. दीर्घिकेच्या प्रकाशात तो वरून मिसळला जातो. गुणाकाराने बिघडलेलं भागाकाराने सुधारतं, बेरजेने बिघडलेलं वजाबाकीने. फ्लॅट म्हणजे तो भागाकार, आणि तो आधी व्हावा लागतो. गावाकडच्या काळ्या आकाशात फ्लॅट नसले तरी खपतं, कारण कोपऱ्यात तीस टक्के कमी व्हायला मुळात उजेडच फारसा नसतो. इथे मात्र १००० चे कोपऱ्यात ७०० होतात. तो तीनशेचा खड्डा वीसच्या भुजेच्या पंधरापट खोल आहे. मग तुम्ही पार्श्वभूमी सपाट करणारं टूल चालवता, ते बिचारं शहराचा उतार आणि लेन्सचा खड्डा यांतला फरक ओळखू शकत नाही, आणि देवयानीच्या भुजाही त्याच खड्ड्याबरोबर बुजवून टाकतं.

काढायची रीत सोपी. लाइट संपले की कॅमेरा-लेन्सची जोडणी, फोकस, लेन्सचं छिद्र (अपर्चर) काहीही न हलवता लेन्सवर धुतलेला पांढरा बनियन दुहेरी ताणून रबर लावा, वर टॅब्लेटचा पांढरा पडदा धरा. आयएसओ तोच. हिस्टोग्रामचा डोंगर मध्याच्या आसपास. शटर फार वेगवान झालं तर पडद्याच्या लुकलुकीमुळे आडवे पट्टे येतात, म्हणून टॅब्लेटचा उजेड कमी करून शटर १/२० सेकंदाच्या आसपास आणा. तीस फोटो. टॅब्लेट दर पाच-सहा फोटोंनी थोडं फिरवा.

एक वर्षी मी दिवाळीच्या साफसफाईच्या जोशात लाइट झाल्यावर लेन्सही पुसली आणि मग फ्लॅट घेतले. लाइटमध्ये धूळ, फ्लॅटमध्ये नाही. आणि लेन्स परत बसवताना थोडी वेगळी बसली, त्यामुळे कोपऱ्यांचा अंधारही जुळेना. ती रात्र तशीच फोल्डरमध्ये पडून आहे.

स्टॅकिंग

मी सिरिल वापरतो. फुकट आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. नुसत्या स्टॅकिंगसाठी विंडोजवर डीपस्कायस्टॅकर सोपं आहे. पिक्सइनसाइट उत्तम आहे पण पैसे लागतात आणि पहिल्या वर्षी त्याची गरज नाही.

एक फोल्डर करा, त्यात चार फोल्डर: लाइट्स, डार्क्स, फ्लॅट्स, बायसेस. नावं इंग्रजी स्पेलिंगमध्ये, सगळी लहान अक्षरं, अनेकवचनी. एक एस राहिला तरी स्क्रिप्ट रुसते. रॉ फाईली आपापल्या जागी टाका, सिरिलमध्ये त्या मोठ्या फोल्डरला घर म्हणून निवडा, आणि स्क्रिप्टच्या मेनूतून रंगीत कॅमेऱ्याची प्रीप्रोसेसिंग स्क्रिप्ट चालवा. ती बायसचा सरासरी फोटो करते, फ्लॅटमधून तो वजा करते, लाइटमधून डार्क वजा करून फ्लॅटने भागते, तारे जुळवते आणि रचते. विमानाच्या रेघा, उपग्रह, एखाद-दुसरा शार्पी यातच गळतात, कारण बाकीच्या फोटोंशी न जुळणारे पिक्सेल ती फेकते.

त्याआधी दोन कामं. एक, लाइट डोळ्याखालून घाला. ढग, धक्का, दव आलेले बाजूला. माळव्याच्या डिसेंबरात मध्यरात्रीनंतर लेन्सवर दव हमखास, म्हणून यूएसबीवर चालणारा गरम पट्टा लेन्सला गुंडाळा. दोन, डिस्कवर जागा करा. १८ मेगापिक्सेलचा एक रॉ पंचवीसेक एमबीचा दिसतो, पण सिरिल तो तीन रंगांत, ३२ बिटमध्ये उघडतं तेव्हा एकाचे सुमारे २१५ एमबी होतात. १२० फोटो, सुधारलेले आणि जुळवलेले असे दोन संच: पन्नास जीबीच्या वर. अर्ध्या रात्री डिस्क भरल्याची लाल ओळ मी पाहिली आहे.

आता खरं काम: उतार काढणं

स्टॅकची फाईल उघडली की पडदा काळा. घाबरू नका. खालच्या मेनूत लिनियरच्या जागी ऑटोस्ट्रेच निवडा. हा फक्त चष्मा आहे, फाईल तशीच राहते. चित्र बहुधा हिरवं दिसेल, कारण सेन्सर हिरव्या प्रकाशाला लाल-निळ्यापेक्षा जास्त दाद देतो आणि रंगांचा तोल अजून साधलेला नसतो. तिन्ही रंगांची साखळी सोडवणारं बटण दाबा, हिरवा पडदा उठेल आणि खरा शत्रू दिसेल: एका बाजूने दुसऱ्या बाजूला चढत गेलेला उजेड.

पहिलं, कडा कापा. डिदरिंगमुळे कडेला कमी फोटो रचले गेलेले असतात, त्या पट्ट्या पुढच्या टूलला फसवतात.

मग बॅकग्राउंड एक्स्ट्रॅक्शन. सिरिल चित्रभर छोटे चौकोन ठेवतं आणि त्यांवरून आकाशाचा पृष्ठभाग अंदाजतं. हे चौकोन जसे आले तसे स्वीकारू नका. देवयानीवरचा प्रत्येक चौकोन उजव्या क्लिकने काढा, आणि जिथे ती संपली असं वाटतं त्याच्या पुढेही बोटभर जागा मोकळी ठेवा. तिचा पसारा डोळ्याला दिसतो त्यापेक्षा मोठा आहे. ठळक ताऱ्यांवरचेही काढा. पहिल्यांदा साधं, पहिल्या कोटीचं (डिग्री १) बहुपद घ्या, म्हणजे सपाट तिरकी फळी. ती वजा करा, बघा. अजून उतार राहिला तरच दुसरी कोटी किंवा आरबीएफ ही जास्त लवचीक पद्धत. दुरुस्तीचा प्रकार वजाबाकीच ठेवा. भागाकार फ्लॅटने आधीच केला आहे.

टूलने जास्त खाल्लं हे कसं ओळखायचं? दीर्घिकेभोवती आकाशापेक्षा काळं कडं दिसलं की ओळखा. माझ्या पहिल्या देवयानीला असं काजळाचं कडं होतं आणि मी ते कित्येक महिने कॉन्ट्रास्ट समजत होतो. दुसरी खूण तिच्या दोन सोबती दीर्घिका. एम-३२ लहान, गोल, ठळक. ती काहीही केलं तरी दिसते. एम-११० लांबट आणि फिकी. तिच्या कडा आकाशात हळूच विरल्या पाहिजेत. कात्रीने कापल्यासारख्या दिसल्या तर एक पाऊल मागे जा.

एक बारकावा. दोन-तीन तासांत देवयानी आकाशात सरकते, त्यामुळे शहराचा उजेड पहिल्या फोटोत एका दिशेने आणि शेवटच्यात दुसऱ्या दिशेने चढतो. सगळे रचल्यावर तो उतार वेडावाकडा होतो. सिरिलमध्ये हेच पहिल्या कोटीचं काम स्टॅकिंगआधी प्रत्येक फोटोवर लावता येतं. वेळ लागतो, पण गच्चीवाल्यांना त्याचा फायदा ठळक दिसतो. चौकोन निवडण्याचा कंटाळा असेल तर ग्रॅक्सपर्ट हे फुकट सॉफ्टवेअर स्वतःच अंदाज करतं. मी दोन्ही करून शेजारी ठेवतो आणि एम-११० बघून निवडतो.

रंग

उतार गेला की रंग, त्याआधी नाही. सिरिलला फोकल लेंथ २०० आणि पिक्सेलचा आकार ४.३ मायक्रॉन सांगा, ते तारे ओळखून फोटो आकाशाच्या नकाशावर बसवतं. मग फोटोमेट्रिक कलर कॅलिब्रेशन: फोटोतल्या ताऱ्यांचे रंग सूचीतल्या मोजलेल्या रंगांशी ताडून तिन्ही रंगांचं प्रमाण ठरतं. इंटरनेट चालू हवं. गाभा किंचित पिवळसर, कारण तिथे म्हातारे तारे, आणि भुजा निळसर झाल्या की बरोबर. मनाने स्लायडर ओढून रंग बसवू नका. एलईडीच्या उजेडात महिनोन्‌महिने फोटो बघून आपल्या डोळ्याची पांढऱ्याची व्याख्याच बिघडलेली असते. राहिलेली हिरवी झाक काढायला ग्रीन नॉईजचं टूल एकदा.

नॉईज कमी करायचा तर याच टप्प्यावर, स्ट्रेचच्या आधी, सौम्यपणे. आकाश मेणासारखं गुळगुळीत झालं की समजा जास्त झालं.

शेवटी उजळवणं

आता चष्मा काढून लिनियरवर या आणि खरा स्ट्रेच करा, म्हणजे फाईलमधला उजेडच ताणा. एका झटक्यात ओढू नका. मी आधी एसिंह नावाचा स्ट्रेच थोडा लावतो, त्याने ताऱ्यांचे रंग टिकतात, मग जनरलाइज्ड हायपरबोलिक स्ट्रेच दोन-तीन छोट्या पावलांत. प्रत्येक पावलावर दोन जागा बघायच्या: गाभा पांढरा फटक तर नाही ना, आणि हिस्टोग्रामचं डावं टोक कापलं तर जात नाही ना. आकाश पूर्ण काळं करण्याचा मोह प्रत्येकाला होतो. ० ते २५५ मध्ये ते २५-३० च्या आसपास, गडद राखाडी राहू द्या. आकाश काळंकुट्ट केलंत की सगळ्यात पुसट भुजा, ज्यांच्यासाठी दोन तास कुडकुडलात, त्याच काळोखात जातात.

शहरी फोटोत देवयानीला ओढलं की तारेही फुगतात. त्यावर स्टारनेट: तारे आणि बाकीचं असे दोन फोटो वेगळे करतं, सिरिलमधूनच चालवता येतं. ताऱ्यांविना दीर्घिका हवी तेवढी उजळा, तारे कमी उजळा, मग स्टार रीकॉम्पोझिशनने परत एकत्र करा. तिच्या एका टोकाच्या भुजेत एनजीसी-२०६ नावाचा ताऱ्यांचा पुंजका आहे. स्टारनेट कधी त्याचा तुकडा ताऱ्यांत टाकतं, ते तपासा.

शार्पनिंग? २०० मिमीवर माझा एक पिक्सेल सुमारे ४.४ कोनीय सेकंदांचा आहे. त्यात डीकॉन्व्होल्यूशनने, म्हणजे धूसरपणा हिशोबाने उलटवून, काढण्यासारखं काही लपलेलं नसतं. एआय शार्पनिंगची टूलं मात्र नसलेले धुळीचे पट्टेही आखून देतात, आणि ते दिसतात झकास. मी ती वापरत नाही. १९२३ साली एडविन हबलने माउंट विल्सनच्या १०० इंची दुर्बिणीने घेतलेल्या याच देवयानीच्या काचपट्टीवर एक रूपविकारी, म्हणजे तेज बदलणारा, तारा ओळखला आणि ती आपल्या आकाशगंगेबाहेरची आहे हे ठरलं. तो एक ठिपका होता. ठिपका खरा असला की पुरतं.

सॅच्युरेशन थोडंसं, ताऱ्यांविनाच्या फोटोवर. मग १६ बिट टिफ जपायला, आणि व्हॉट्सअॅपवर पाठवायला जेपीईजी, एसआरजीबी मध्ये. मोबाइलवर एकदा उजेडात आणि एकदा अंधारात उघडून बघा; लॅपटॉपवर राखाडी वाटलेलं आकाश काही फोनवर काळं दिसतं.

लाइट, डार्क, फ्लॅट, बायसच्या मूळ रॉ फाईली मात्र पुसू नका. पुढच्या अमावस्येला आणखी दोन तास मिळाले की त्या रात्रीचे लाइट त्या रात्रीच्याच फ्लॅटने सुधारायचे, आणि दोन्ही रात्रींचे जुळवलेले फोटो एकत्र रचायचे. माझ्या देवयानीत सध्या चार रात्री आहेत. पाचवीसाठी काकूंना सांगून ठेवलंय.